वाकडं अंगण

पुण्यात कुठलीही कला शिकायला सुरुवात करणं अवघड नाही. अवघड असतं ते, आपण ती शिकतोय हे लोकांना कळल्यानंतरचं आयुष्य. हे गाव मुळात श्रोत्यांचं. सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत कानटोपी घालून बसलेला आमचा माणूस बुवांचा निषाद कुठे केसभर घसरला ते बोट ठेवून सांगेल. पण त्यालाच 'तुम्ही म्हणा की दोन ओळी' असं म्हणून बघा, तो असा दचकेल, की जणू आपण त्याला एटीएमचा पिन विचारला. ज्याला कळतं त्याने करू नये आणि ज्याला करायचंय त्याने आधी आपल्याला कळतं का ते पाहावं, असा या गावाचा अलिखित कायदा आहे. लिखित कायदे पाट्यांवर असतात.

अशा गावात मी गेली तीन वर्षं व्हायोलिन शिकतो आहे. वय सेहेचाळीस, शिक्षण बी.कॉम., धंदा बँकेतली कारकुनी. (कारकून म्हणायचं नाही असं वरून आलंय. आता आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट'. पाटी बदलली, काउंटर तोच, आणि 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्यही तेच.) बरं, नुसतं व्हायोलिन शिकतो म्हटलं असतं तर निभावलं असतं. व्हायोलिनला पुण्यात मान आहे. प्रभाकर जोगांनी या परक्या वाद्याला मराठी बोलायला शिकवलं, त्यांचं 'गाणारं व्हायोलिन' घराघरांत वाजलं, आणि तेव्हापासून व्हायोलिन म्हटलं की ते गाणारच, अशी आमची खात्री झाली. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला.

"वा! कुठली गाणी वाजवता?"

"गाणी नाही. नाच."

इथे समोरच्याच्या चेहऱ्यावर एक भाव येतो. सरळमार्गी चुलतभावाने एकाएकी दाढी वाढवून हिमालयाचं तिकीट काढलं, तर जो येईल तो.

खुलासा करायला हवा. योहान सेबास्टियन बाख नावाच्या जर्मन गृहस्थाने, क्योथेन गावी एका राजपुत्राच्या पदरी नोकरीला असताना, १७२० साली एका वहीत एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या. साथीला पेटी नाही, तबला नाही, तंबोरा नाही. त्यांच्याकडे खालून खर्ज भरायला कोणीतरी असतो, तोही नाही. या सहांतल्या तीन 'सोनाता' आणि तीन 'पार्तिता'. पार्तिता म्हणजे नाचांची माळ. आल्मांद, कुरांत, साराबांद, जीग, गाव्हॉत, मिन्युएट, बुरे. यांतलं शेवटचं नाव मी वाजवू लागलो की सार्थ होतं.

प्रत्येक नाचाची आपापली कुंडली आहे. साराबांदचंच बघा. हा नाच स्पेनमध्ये एके काळी इतका चावट समजला जायचा, की १५८३ साली त्याच्यावर सरकारी बंदी आली. पुढे तो फ्रान्सच्या दरबारात रुजू झाला. तिथे त्याची चाल मंदावली, अंगाला भारदस्तपणा आला, वजन दुसऱ्या मात्रेवर टाकून तो सावकाश पावलं टाकू लागला, आणि बाखच्या वहीत येईपर्यंत असा गंभीर झाला, की डोळे मिटून ऐकावा. माणसांचंही असंच होतं. आमच्या शाखेत याची दोन उदाहरणं आहेत. त्यांतलं एक मॅनेजर झालं.

तर मुद्दा असा, की हे नाच आता कोणी नाचत नाही. बाखच्या काळीसुद्धा आल्मांद जुनाट होऊन बसली होती. शिवाय त्याने पार्तिता कोणाला नाचवायला म्हणून लिहिल्याच नाहीत. नाचणारी माणसं निघून गेली आणि त्यांची पावलं तेवढी चार तारांवर राहिली. म्हणजे न गाणारं व्हायोलिन, न नाचणारे लोक आणि न येणारा वादक. असलं खातं बँकेत सापडलं तर आम्ही त्याला एनपीए म्हणतो आणि मॅनेजरला पाणी आणून देतो.

या भानगडीत मी पडलो तो नोव्हेंबर महिन्यामुळे. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी समोर येऊन सही केली की भागायचं. आता यंत्रावर बोट ठेवायचं. यंत्र 'हो' म्हणालं की माणूस जिवंत. तीन वर्षांपूर्वी कॅम्पात राहणारे, मूळचे गोव्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक शहात्तर वर्षांचे गृहस्थ माझ्या काउंटरशी आले. त्यांनी डावा हात पुढे केला. तर्जनी ठेवली, यंत्र नाही म्हणालं. मधलं बोट ठेवलं; नाही. अनामिका, करंगळी... यंत्राच्या मते समोर कोणीच नव्हतं.

"बोटांना काय झालं हो?" मी विचारलं.

"साठ वर्षं व्हायोलिन, मॅन," ते म्हणाले. "रेषा सगळ्या तारांना देऊन टाकल्या."

शेवटी उजव्या अंगठ्यावर ते जिवंत ठरले. मागे रांगेत अठरा पेन्शनर जिवंत व्हायचे खोळंबले होते, तरी मी विचारलं, "शिकवता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुलाला आण."

"मुलगा नाही, मुलगी आहे. तिला नको आहे. मला हवंय."

असे ते माझे सर झाले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. त्यातले कितीतरी जण पुढे मुंबईच्या सिनेमासृष्टीत गेले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभने जे नाव घेऊन धुमाकूळ घातला, ते या गुरूचं नाव. आमचे सरही त्याच वाटेने निघाले होते. फक्त मुंबईच्या स्टुडिओऐवजी रेल्वेच्या हिशेबखात्यात उतरले, एवढंच.

सरांनी पहिला महिना वाद्य हातात दिलं नाही. उभं राहायला शिकवलं. आपल्याकडे व्हायोलिनवादक मांडी ठोकून बसतो, वाद्याचं टोक पावलावर टेकवतो आणि निवांत होतो. त्यांच्याकडे उभं राहून, वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये धरून, वर पुन्हा 'अंग सैल सोड' म्हणतात. बावीस वर्षं काउंटरमागे बसलेल्या माणसाला उभं राहणं हीच मुळात एक कला वाटते. खांदा सैल सोडला की व्हायोलिन पडतं, आणि व्हायोलिन धरलं की खांदा कानाला लागतो.

या बाबतीत पुणेकराने मान ताठ ठेवावी अशी एक गोष्ट आहे (मानही सैलच सोडायची असते, पण असो). १९५२ साली यहुदी मेन्यूहिन भारतात आले होते. जगातल्या पहिल्या पंगतीतले व्हायोलिनवादक. विशीच्या आसपास असताना, १९३४ ते १९३६ या काळात, बाखच्या या सहाच्या सहा रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पण या भेटीच्या वेळी दौऱ्यांनी अंग आंबलेलं, झोप उडालेली. मुंबईत त्यांची गाठ पडली पुण्याच्या बी.के.एस. अय्यंगारांशी. मेन्यूहिननी त्यांना पाच मिनिटं दिली होती. अय्यंगारांनी त्यांना जमिनीवर आडवं केलं आणि मेन्यूहिन तासभर गाढ झोपले! दोन वर्षांनी मेन्यूहिननी त्यांना एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलं होतं, की माझ्या सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षकास. आणि अय्यंगार काही व्हायोलिन वाजवत नव्हते. आपल्या गावात व्हायोलिनचा सर्वोत्तम शिक्षक होऊन गेला आणि त्याने गजाला हातही लावला नाही, हे मला फार पुणेरी वाटतं. ही गोष्ट मी सरांना सांगितली. ते म्हणाले, "मग तू पण झोप थोडा."

महिन्याभराने गज हाती आला. घोड्याच्या शेपटीचे केस, त्यावर राळ घासायची आणि तारेवर ओढायचा. दिसायला सोपं असतं. पहिले आठ महिने त्यातून जो आवाज निघाला, त्यावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या अप्पांनी जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, "दाराच्या बिजागरीला तेल घाला. एकदा घातलं की वर्षभर बघायला नको." ऑफिसातल्या एका हितचिंतकाचं मत पडलं, की माझं सहा हजारांचं व्हायोलिनच हलकं आहे, चांगलं तीस हजारांचं घ्यावं. मी हा विचार सरांच्या कानावर घातला. सरांनी काही न बोलता माझं वाद्य एका दहा वर्षांच्या चिमुरडीच्या हातात दिलं. तिने दोन वेण्या मागे टाकल्या आणि त्यावर गाव्हॉत वाजवला. संपल्यावर वाद्य मला परत देत म्हणाली, "काका, छान आहे तुमचं." अंगण वाकडं नव्हतं, हे तिथल्या तिथे ठरलं आणि तीस हजार वाचले.

सध्या त्याच गाव्हॉतशी माझी झटापट चालू आहे. तिसऱ्या पार्तितेतला. त्याची चाल आपल्याला परकी वाटू नये अशी आहे. पहिला तुकडा पुन्हा पुन्हा फिरून येतो, आपल्या ध्रुवपदासारखा. त्यामुळे पहिला तुकडा आला की अर्धा नाच आला असं सर म्हणतात. मला त्या अर्ध्यातला निम्मा येतो. दुसरी गंमत म्हणजे गाव्हॉत समेवर सुरू होत नाही. चार मात्रांचं आवर्तन धरलं तर तो तिसरीवर उठतो आणि मग समेवर येऊन टेकतो. उठाण अलगद हवं, सम ठाम हवी. मधूनच दोन तारा एकदम वाजवायच्या असतात. मी दोन वाजवायला गेलो की तीन वाजतात, आणि तिसरीची फिर्याद अप्पांकडून येते.

आता मूळ प्रश्न. आपला मध्यमवर्गीय माणूस कुठल्याही गोष्टीला दोनच प्रश्न विचारतो: उपयोग काय, आणि परीक्षा असते का? परीक्षा असते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्याकडेही होतात. दोन वेण्यावाल्या चिमुरडीने तीन दिल्या आहेत. मी दिली नाही म्हटल्यावर माझ्या शेजारच्या काउंटरवरचे सहकारी खरोखर हळहळले. "म्हणजे पुढेमागे प्रमोशनला वगैरे धरत नाहीत?" उपयोगाचं उत्तर मी 'मेंदूला व्यायाम होतो' असं ठोकून देतो, कारण हल्ली व्यायाम म्हटलं की कशालाही माफी आहे. पण रात्री दिवा मालवल्यावर हे उत्तर मला स्वतःला पुरत नाही. ज्या गोष्टीत आपण कधीही धड होणार नाही, हे आपल्याला आणि शिकवणाऱ्यालाही लख्ख ठाऊक आहे, ती माणसाने करावी का? रोजची पाऊण तास हे काही फुकट येत नाहीत. ते कुणाच्या तरी खात्यातून वजा होतात.

त्यातून अवघड बाब अशी, की ते काम जगात आधीच उत्तम झालेलं आहे. माझा हा गाव्हॉत आर्थर ग्रुमियो नावाच्या बेल्जियन वादकाने वाजवला, आणि १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची जी दोन यानं अवकाशात सोडली, त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत तो घातला. सुमारे तीन मिनिटांचा. म्हणजे गाव्हॉत कसा वाजवावा हा प्रश्न समस्त मानवजातीच्या वतीने निकाली निघून त्याची नक्कल तारांगणात दाखल झालेली आहे. त्यानंतर एखाद्याने सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर तोच प्रश्न पुन्हा उघडावा, याला काय म्हणावं?

त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या बाई. गाण्याच्या बाबतीत अत्यंत करारी. ध्वनिमुद्रणाला सहजी तयार न होणाऱ्या. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आणि बाखचा गाव्हॉत आजही एकाच तबकडीत बसून प्रवास करताहेत. यान इतकं दूर गेलंय, की इथून निघालेल्या प्रकाशालाही तिथे पोचायला तेवीस तासांहून जास्त लागतात. तिथे श्रोता नाही. 'क्या बात है' म्हणायला तोंड नाही, आणि तोंड असलं तरी ते ऐकू यायला हवा नाही. मला हे आठवलं की विलक्षण वाटतं. ज्या बाईंच्या मैफलीत पुढच्या रांगेत बसायला लोक धडपडायचे, त्यांचं गाणं कुणीही नसलेल्या सभागृहात पन्नास वर्षं पडून आहे, आणि तरीही त्याची भैरवी कणभर कमी होत नाही.

बाखच्या वहीचंही निराळं नाही झालं. तो १७५० साली गेला. या सहा रचना एकत्र छापून निघाल्या १८०२ मध्ये. तोवर हाताने उतरवलेल्या नकलांवर काम चालायचं. त्यांतली एक जुनी नक्कल १८१४ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पोल्शाऊ नावाच्या संग्राहकाला मिळाली, ती लोण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेल्या रद्दीत! आमच्या वाण्याने अशी एखादी पुडी बांधून दिली असती, तर आम्ही लोणी कढवून कागद चुलीत घातला असता आणि वर म्हटलं असतं, वाणी कागदाचं वजन धरतो.

तेव्हा ऐकणारा असला तरच वाजवण्याला अर्थ, हे काही मला पटत नाही. पण एवढ्याने माझी सुटका होत नाही. उत्तम गोष्ट ऐकणाऱ्यावाचूनही उत्तम राहते म्हणून भिकार गोष्टीला ती सवलत कशी मिळावी? यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं, आणि मला एक युक्तिवाद सुचला. तो एका वरातीत सुचला. मेव्हण्याच्या मुलाचं लग्न होतं. लक्ष्मी रोडला बँड, आणि बँडपुढे नवऱ्या मुलाचे मामा नाचत होते. वय अठ्ठावन्न, अंगावर जोधपुरी, पाय एकीकडे आणि हात दुसरीकडे. त्यांना कुणीही विचारत नव्हतं, की मामा, परीक्षा कुठपर्यंत दिलीत? उपयोग काय याचा? आणि बिरजू महाराजांनी हे सगळं करून ठेवलेलं असताना तुम्ही कशाला? उलट लोक बाजूला होऊन त्यांना जागा करून देत होते. गाणं बेसूर झालं तर आपण गाणाऱ्याचा माइक काढून घेतो. नाचणाऱ्याला तसं करत नाही. कारण गाण्याला कान लागतात, ते बहुतेक दुसऱ्याचे असतात. नाचाला पाय लागतात, ते आपले आपल्यापाशी असतात.

आणि मी तर नाचच वाजवत होतो! नाचणारे निघून गेल्यावर त्या पार्तितेत नाचायला उरतो कोण? जो वाजवतो तोच. बाखने वहीवर इटालियनमध्ये 'सेइ सोलो' असं लिहिलंय. सहा एकल रचना म्हणायच्या तर व्याकरणाने 'सेइ सोली' हवं. जसं लिहिलंय तसंच वाचलं तर इटालियनमध्ये त्याचा अर्थ होतो, 'तू एकटा आहेस'. बाखचं इटालियन कच्चं असेल, किंवा नसेलही. मला मात्र हे वाचल्यावर हायसं वाटलं. वरातीतल्या मामांना जो न्याय तोच मला, एवढंच माझं मागणं होतं.

अर्थात मामा रस्त्यावर नाचतात आणि मी अप्पांच्या डोक्यावर. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. ती सोय देवाने ठेवली नाही. अप्पांच्या पत्नी गेलं वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. रात्रभर त्यांना डोळा लागत नाही, दुपारी लागला तर लागतो. सोसायटीच्या फळ्यावर 'दुपारी १ ते ४ या वेळेत वाद्य, वादन व वाद करू नये' अशी सूचना लागली. खाली सही नव्हती, पण शुद्धलेखन अप्पांचं होतं. इथे माझा वरातीचा युक्तिवाद मी मुकाट्याने गुंडाळला. रबराचा एक चिमटा मिळतो, तो तारांखालच्या घोडीवर बसवला की व्हायोलिनचा आवाज सर्दी झाल्यासारखा होतो. तो आणला आणि वेळ ठरवली, संध्याकाळी सव्वासात ते आठ. त्या वेळात अप्पांकडे मालिका लागलेली असते, आणि तिच्यातल्या सासूपुढे माझा गाव्हॉत काहीच नाही.

एवढी बंदोबस्ताची तयारी करून मी माझा हा नाचाचा सिद्धांत आमच्या घरी मांडला.

आमची ही शाळेत शिकवते. आमचं लग्न झालं तेव्हा ती कथक विशारद होती. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली, आणि ज्या घरांतून नाच हा शब्द दबक्या आवाजात उच्चारत, त्या घरांतल्या मुलींनी हळूहळू पायांत घुंगरू बांधले. हिच्या गुरू त्यांच्याच शिष्या. लग्नानंतर चार वर्षं तिचं चालू होतं. मग मुलगी झाली, मग शाळेची नोकरी, मग माझ्या आईचं आजारपण. घुंगरू माळ्यावर गेले. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं. चालू ठेव असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी तिला वरातीतले मामा सांगितले, सोन्याची तबकडी सांगितली, आणि समारोपाला म्हटलं, "तेव्हा तूही काढ की घुंगरू. चांगलं झालं पाहिजे असं थोडंच आहे?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमचं बरं आहे हो. तुम्हाला कधी येतच नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या पायाला माहीत आहे तत्कार कसा पडायला हवा. आता पाय टाकला तर जो पडेल, तो मला ऐकवणार नाही. तुम्हाला नाही त्याचं काही वाटत. कसं वाटेल?"

एवढं बोलून तिने मेथीची काडी मोडली. माझ्या सिद्धांताचं काय मोडलं ते मला तेव्हा नीट कळेना. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ज्याची ठेवच नव्हती त्याला मुदतीआधी मोडल्याचा दंड बसत नाही. दंड कुणाला, ज्याने इमानेइतबारे वर्षानुवर्षं भरलं त्याला. हा काय न्याय झाला? वाईट वाजवण्याचं सुख फक्त त्याला, ज्याला चांगल्याची चव कधी लागलीच नाही?

पुढच्या रविवारी सरांना विचारलं. मला वाटलं होतं सर माझी बाजू घेतील. सर आता एकोणऐंशीचे आहेत. त्यांचा उजवा हात कापतो. गज हातात धरला की टोक थरथरतं, म्हणून ते वाजवून दाखवत नाहीत. तोंडाने 'ता-रा-रा' करून शिकवतात. मी हिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"ती खरं बोलते, मॅन," ते म्हणाले. "माझ्या कापऱ्या हाताचा आवाज मला सहन होत नाही. तुझा होतो. तू कधी चांगला नव्हतास."

मग जरा थांबून म्हणाले, की दुसऱ्या पार्तितेच्या शेवटी तो मोठा शाकोन आहे, अडीचशेहून जास्त आवर्तनांचा, तो ते रोज रात्री अंथरुणावर पडून मनात वाजवतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही स्वर न गाळता. पंधरा मिनिटं लागतात. "तिथे हात कापत नाही," ते म्हणाले, आणि मला गाव्हॉत पहिल्यापासून घ्यायला लावला.

परतताना बसमध्ये मी हिशेब मांडायचा प्रयत्न केला. ज्याला येत नाही तो वाजवतो. जिला येत होतं ती करत नाही. ज्याला येतं त्याला हाताने करता येत नाही, तो मनात करतो. तिघांत सगळ्यांत कमी ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच घरातून आवाज येतो. जमाखर्च काही जुळेना. स्वारगेट आलं तेव्हा उतरलो.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवाचा मंगळवार. संध्याकाळचे साडेसात झाले होते. व्हायोलिनच्या नाकाला चिमटा लावून मी गाव्हॉतचा पहिला तुकडा अकराव्यांदा घेत होतो. आतून कुकरची पहिली शिट्टी झाली आणि पाठोपाठ हिचा आवाज आला.

"अहो, थांबा. उठता बरोबर, पण समेवर बसतच नाही तुम्ही. पुढे पळता. आवर्तन पुरं होऊ द्या की!"

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. एका हातात डाव, दुसऱ्या हाताला पीठ. डावाने तिने ओट्यावर चार मात्रा धरल्या होत्या, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, आणि तिसरीला मला मानेने खूण केली. मी उठलो. समेला डावाचा आवाज आला नाही. फरशीवर टाच पडली. पुढच्या समेला पुन्हा पडली. मी वाजवत खाली बघत होतो.

"पायाकडे काय बघताय?" मागे न वळता ती म्हणाली. "परत घ्या तिसऱ्या मात्रेपासून. आणि तिसरी शिट्टी झाली की थांबा, गॅस बंद करायचाय."